परवलीच्या शब्दाची परीक्षा



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची आम्हांला कल्पना आहे. संगणकाच्या प्रवेशद्वाराची परीक्षा घेणाऱ्या एका साधनाची हकीकत ऐकायला वसंतातली संध्याकाळ खर्ची घालावी असा हा विषय दिसत नाही. तरीही आपण आलात, याबद्दल आधीच आभार मानतो आणि विषय वाटतो तितका परका नाही एवढेच प्रथम सांगतो. या मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात आज चार-सहा कुलपे आहेत. बँकेचे एक, टपालाचे एक, रेल्वेच्या तिकिटाचे एक. घरात इंटरनेटची पेटी असेल तर तिचे एक, आणि दारावर कॅमेरा बसवला असेल तर त्याचेही एक. या प्रत्येक कुलपाची किल्ली म्हणजे एक शब्द. तो शब्द आपण कधी तपासून पाहिला आहे काय, आणि तपासायचा म्हणजे काय करायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पासवर्डला मराठीत आपण परवलीचा शब्द म्हणतो, आणि हे नाव फार अर्थपूर्ण आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर शिपाई उभा आहे. अंधारात कोणी येतो. शिपाई हटकतो, "कोण आहे?" येणारा ठरलेला शब्द सांगतो आणि शिपाई वाट सोडतो. या प्रसंगात पात्रे दोन आहेत, एक शब्द आणि दुसरा पहारेकरी. आपले सारे लक्ष शब्दाकडे असते. पहारेकऱ्याकडे कोणी पाहत नाही. माणूस पहारेकरी असेल तर एकदा चुकीचा शब्द ऐकून तो सावध होतो, दुसऱ्यांदा चुकताच भाला रोखतो, तिसरी संधी देतच नाही. संगणकाचा पहारेकरी तसा नसतो. त्याला कोणी बजावून ठेवले नसेल तर तो लाख वेळा चुकीचा शब्द ऐकून घेतो, लाख वेळा शांतपणे "नाही" म्हणतो आणि लाखानंतरच्या पहिल्या खेपेस शब्द बरोबर आला की दार उघडतो. तो चिडत नाही, कंटाळत नाही आणि त्याला संशयही येत नाही. आजचे आमचे सारे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

संगणकाच्या दाराशी हा शब्द प्रथम आला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, १९६१-६२ च्या सुमारास. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा अशी योजना फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. प्रत्येकाची कागदपत्रे निराळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एक शब्द दिला गेला. पण शब्दांची यादी संगणकातच, वाचता येईल अशा रूपात ठेवलेली. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर अधिक वेळ हवा होता. त्याने ती यादीच छापून घेतली. पुढे काही वर्षांनी एका गोंधळात दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. म्हणजे या कुलपाचा जन्म आणि ते उघडले जाणे, या दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीनेच घडल्या.

यावर उपाय निघाला तो असा की, मूळ शब्द ठेवायचाच नाही. गणिती प्रक्रियेने त्याचे असे रूपांतर करून ठेवायचे की त्यावरून मूळ शब्दाकडे परत जाता येऊ नये. मग आता सारे सुरक्षित झाले काय? बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी याचा तपास केला आणि १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ शब्द गोळा केले. त्यांतील १५ शब्द एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. इतर आखूड शब्द आणि शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांत सहज सापडणारे शब्द मिळवले तर एकूण २,८३१, म्हणजे शेकडा ८६ शब्द, अंदाजाने ओळखता येण्याजोगे निघाले. कुलपाचे गणित निर्दोष होते; दुबळी होती ती माणसाची निवड. आणि हे शब्द निवडणारे लोक संगणक रोज हाताळणारे होते, हेही लक्षात घ्यावे.

आता ज्या साधनाबद्दल बोलायचे त्याकडे वळू. त्याचे नाव 'हायड्रा'. ग्रीक पुराणातील हा बहुमुखी सर्प; त्याचे एक मस्तक छाटले की त्या जागी दोन उगवत. 'द हॅकर्स चॉइस' नावाच्या मंडळाने हे साधन तयार केले आणि या शतकाच्या आरंभापासून ते विनामूल्य उपलब्ध आहे. नाव सार्थ आहे, कारण एकच शब्द घेऊन हे साधन दाराशी ताटकळत नाही. ते अनेक तोंडांनी एकदम बोलते. आपण संख्या ठरवून दिली नाही तर सोळा तोंडांनी.

ते बसवणे अगदी सोपे. आपल्या संगणकावर डेबियन किंवा उबुंटू या जातीचे लिनक्स असेल तर काळ्या पडद्यावर 'सुडो एपीटी इन्स्टॉल हायड्रा' एवढी ओळ टंकायची. संगणक आपल्या भांडारातून ते आणतो आणि जागेवर बसवतो. सुरक्षेची परीक्षा घेणाऱ्यांसाठी 'काली' नावाचे लिनक्स आहे, त्यात ते आधीपासूनच असते. आज्ञा टंकून काम करायचे असल्यामुळे पाहणाऱ्याला हा मंत्रतंत्राचा प्रकार वाटतो; पण त्यात मंत्र काही नाही. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोणता संगणक, त्याचे कोणते दार, म्हणजे टपालाचे, फाइलींचे की दुरून आत येण्याचे, कोणाच्या नावाने हाक मारायची, आणि शब्दांची कोणती यादी वाचायची. एवढे सांगितले की ते यादीतील एकेक शब्द दाराशी उच्चारते आणि उत्तर पाहते. ते कुलूप फोडत नाही की भिंतीला भोक पाडत नाही. कोणीही चिकाटीचा माणूस जे हाताने करील तेच ते न थकता करते.

परीक्षा घ्यायची ती मात्र रीतीने घ्यावी. प्रथम आपलाच एक जुना संगणक घ्यावा, त्यावर एक खोटे खाते उघडावे, त्याला आपल्याला ठाऊक असलेला शब्द द्यावा, आणि दहा-वीस शब्दांच्या लहानशा यादीत तो मुद्दाम घालून ठेवावा. साधनाने तो शोधून काढला तर साधन नीट चालते आहे असे समजावे. ही पायरी नवखे लोक गाळतात. मग खऱ्या परीक्षेत "काही सापडले नाही" असे उत्तर आले की ते निर्धास्त होतात. वस्तुतः दाराचा पत्ता चुकलेला असतो किंवा उत्तराचा अर्थ साधनाला कळलेला नसतो. याच्या उलटही होते. संकेतस्थळाच्या दाराशी "चूक" या उत्तराची खूण नीट सांगितली नसेल तर साधन प्रत्येक शब्द बरोबर ठरवते. म्हणून न सापडणे म्हणजे सुरक्षितता नव्हे आणि सापडणे म्हणजे नेहमी सापडणे नव्हे. प्रत्येक उत्तर हाताने पडताळून पाहावे लागते.

दुसरी पायरी याहून महत्त्वाची आहे. शब्द सापडो न सापडो, परीक्षा संपल्यावर पहारेकऱ्याची वही उघडावी. संगणक आलेल्या-गेलेल्यांची नोंद ठेवतो. इतक्या चुकीच्या हाका ऐकल्यावर त्याने त्या लिहून ठेवल्या काय? कोणाला कळवले काय? हाका मारणाऱ्याला थांबवले काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे "नाही" अशी आली, तर शब्द न सापडूनही ते दार नापास झाले असे आम्ही म्हणू.

असे का, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखादे दार सेकंदाला दहा शब्द ऐकून घेते. इंग्रजी लहान लिपीतील सहा अक्षरांचे शब्द सुमारे ३० कोटी ८९ लाख होतात. ते सगळे उच्चारायला जवळजवळ एक वर्ष लागेल. आठ अक्षरे घेतली तर ते २०,८८२ कोटींच्या वर जातात आणि काळ साडेसहाशे वर्षांच्या पुढे जातो. हे ऐकून कोणालाही हायसे वाटेल. पण चोर सगळे शब्द उच्चारीत बसत नाही. लोकांनी प्रत्यक्षात वापरलेल्या शब्दांच्या याद्या त्याच्याजवळ असतात. २००९ साली 'रॉकयू' या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, आणि त्यांत सर्वांत लोकप्रिय शब्द कोणता होता? एक-दोन-तीन-चार-पाच-सहा! असे नेहमीचे १०,००० शब्द घेतले तर सेकंदाला दहा या वेगाने अवघ्या सतरा मिनिटांत यादी संपते. साडेसहाशे वर्षे आणि सतरा मिनिटे, यांतला फरक आपल्या निवडीचा आहे.

आता पहारेकऱ्याला एक साधी आज्ञा द्या: पाच वेळा चुकले की पंधरा मिनिटे कोणाचे काही ऐकायचे नाही. मग तासाला वीस, दिवसाला ४८० एवढेच शब्द उच्चारता येतात. तीच सतरा मिनिटांची यादी आता एकवीस दिवस चालते, आणि एवढ्या अवधीत वही वाचणारा माणूस जागा होतो. बँकेच्या यंत्रात चारच आकडी पिन चालते ती यामुळेच. शक्य आकडे फक्त १०,०००. पण तीन वेळा चुकले की कार्ड अडते, म्हणजे चोराला दहा हजारांत तीन संधी.

येथे कोणी विचारील, मग शब्द कसाही असला तरी चालेल काय? नाही चालणार. चोरही शिकतो. एका नावाने शंभर शब्द उच्चारण्याऐवजी तो एकच नेहमीचा शब्द घेऊन शंभर नावांनी हाक मारतो. प्रत्येक नावापुढे चूक एकच नोंदली जाते आणि पहारेकऱ्याची पाचची मोजणी कधी भरतच नाही. संस्थेत शंभर माणसे असतील आणि एकानेही गावाचे नाव आणि वर्ष असा शब्द ठेवला असेल तर त्याचे काम होते. शिवाय शब्दांची यादीच चोरीस गेली तर तिच्यापाशी पहारेकरी नसतो. तेथे शब्दाची लांबी आणि तो ज्या पद्धतीने रूपांतरित करून ठेवला असेल ती पद्धत, एवढ्यावरच भिस्त. म्हणून शब्दही चांगला हवा आणि पहाराही जागा हवा.

पहारा निजला असता काय होते हे जगाने २०१६ साली पाहिले. 'मिराई' नावाची एक उपद्रवी आज्ञावली जाळ्यावर फिरू लागली. तिच्याजवळ नाव आणि शब्द यांच्या साठाच्या आसपास जोड्या होत्या, आणि त्या होत्या कारखान्यातूनच घातलेल्या: 'ॲडमिन' आणि पुन्हा 'ॲडमिन' या धर्तीच्या. लोकांनी कॅमेरे आणि इंटरनेटच्या पेट्या विकत आणून भिंतीवर टांगल्या. शब्द बदलायचा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. या साठ जोड्यांच्या बळावर लाखो उपकरणे ताब्यात गेली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांतल्या अनेकांनी एकदम हल्ला करून अमेरिकेतील 'डिन' या कंपनीची सेवा कोलमडवली. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे कित्येक तास मिळेनाशी झाली. ज्यांचे कॅमेरे यात सामील झाले त्या घरांना त्याचा पत्ताही लागला नसेल. आपल्या दाराचे कुलूप ढिले असले तर नुकसान फक्त आपले होते, ही जुनी समजूत येथे मोडली.

आता एक आक्षेप. असली साधने सर्वांना खुली ठेवणे, आणि भर सभेत त्यांची माहिती देणे, म्हणजे चोरांना शिकवणे नव्हे काय? हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले होते. अमेरिकेतून आलेले आल्फ्रेड हॉब्ज यांनी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप पंचवीस मिनिटांत उघडून दाखवले. मग ते ब्रामा यांच्या कुलपाकडे वळले. ते कुलूप कित्येक वर्षे दुकानाच्या काचेत ठेवलेले होते, उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. पंच नेमून, मालकांच्या संमतीने हॉब्ज कामाला बसले आणि सोळा दिवसांत मिळून ५१ तासांनी त्यांनी ते उघडले. पुष्कळ लोक हादरले, काही रागावले. हॉब्ज यांच्या बाजूचे म्हणणे असे होते की चोरांना आपला धंदा आधीच चांगला अवगत असतो; अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा सद्गृहस्थ. पुढे कारागिरांनी कुलपे सुधारली, हा त्या वादाचा खरा निकाल.

आपल्याकडे यासाठी रायगडाची आख्यायिका पुरेशी आहे. गडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे मूल, आणि हिरकणी गवळण काळोखात कडा उतरून गेली. जो कडा अभेद्य समजला जात होता तेथून एक बाई उतरली, हे सकाळी कळले. आख्यायिका सांगते की महाराजांनी तिला शिक्षा केली नाही आणि बातमीही दडपली नाही. साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला. आज एखाद्या संस्थेला तिच्या दाराचा दोष कोणी सांगितला तर पहिला राग सांगणाऱ्यावर निघतो आणि बुरूज बांधायचा राहूनच जातो.

पण या गोष्टीचा आधार घेऊन कोणी तरुणाने शेजाऱ्याच्या किंवा बँकेच्या दाराशी प्रयोग करायला जाऊ नये. हॉब्ज यांच्याजवळ मालकाची संमती होती. साऱ्या भेदाचे मूळ तेथे आहे. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या ४३ व्या कलमाने मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात शिरणे हा भरपाईस पात्र अपराध ठरवला आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "मी फक्त पाहत होतो" हे उत्तर किती थिटे पडते याचे एक उदाहरण आहे. मघाशी ज्या मॉरिस यांचे नाव घेतले, त्यांच्याच मुलाने २ नोव्हेंबर १९८८ रोजी एक आज्ञावली जाळ्यावर सोडली. ती इतर वाटांबरोबर चारशे बत्तीस शब्दांची यादी घेऊन परवलीचे शब्दही ओळखत असे. नासधूस करण्याचा त्याचा हेतू नव्हता असे सांगितले जाते. पण ती आवरेना आणि हजारो संगणक ठप्प झाले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. बापाने शब्दांचा दुबळेपणा तपासला तो जाणकारांना सावध करण्यासाठी. मुलाने परक्यांची दारे न विचारता ठोठावली.

म्हणून परीक्षा घ्यायची ती संमती लेखी घेऊन, वेळ ठरवून आणि कचेरीतल्या माणसांना सांगून. नाहीतर ऐन कामाच्या वेळी पाच चुकांचा नियम खऱ्या कारकुनालाच बाहेर अडकवून ठेवील. दुसऱ्याच्या दारात सहज दोष दिसला तर स्वतः आत न शिरता मालकाला, किंवा भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवावे.

आता अखेरचे सांगणे घरच्यांसाठी आणि संस्थांसाठी. घरी गेल्यावर इंटरनेटच्या पेटीचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला शब्द बदला. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला लांब शब्द आठवायलाही सोपा जातो. एका दाराचा शब्द दुसऱ्या दाराला देऊ नका. जेथे दुसरा पुरावा, म्हणजे मोबाइलवर येणारा आकडा, मागण्याची सोय असेल तेथे ती चालू करा, आणि तो आकडा कोणी कितीही गोड बोलून विचारला तरी सांगू नका.

आपल्यापैकी पुष्कळजण पतसंस्थांचे, शाळांचे, ग्रंथालयांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहेत. पुढच्या वार्षिक सभेत चहा येण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: आपल्या संगणकाचा पहारेकरी किती चुका ऐकून घेतो? चुकांची वही कोण वाचतो? आणि शेवटची परीक्षा कोणी, कोणाच्या संमतीने आणि केव्हा घेतली? या प्रश्नांना तंत्रज्ञान समजावे लागत नाही. तिजोरीत पैसा सभासदांचा आहे आणि याद्यांत नावे आपल्या मुलांची आहेत, म्हणून विचारण्याचा हक्क आपला आहे. उत्तर देताना कार्यवाह गोंधळले तर त्यांच्यावर रागावू नका. परीक्षा घेण्याचा ठराव मांडा आणि त्यासाठी लागणारा थोडा खर्च मंजूर करा.